ऐकलं की!

“वा!” आमचे हे म्हणाले. सगळा मांडव ‘वा’ म्हणून गप्प झाल्यावर, एकट्यानं आणि मोठ्यांदा.

पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, डोळे किलकिले केलेले, आणि नजर समोर. पण ती गाणाऱ्या बुवांवर नव्हती. आमच्या पुढच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, त्यांच्या टकलावर होती. टक्कल डोललं की हे डोलायचे, टक्कल थांबलं की हे थांबायचे. समेवर टक्कल खाली यायचं आणि ह्यांची मान त्याच्या मागोमाग, जराशी उशिरा, वरातीत मागं पडलेल्या म्हाताऱ्यासारखी.

“कसं वाटलं?” मी कानाशी लागून विचारलं.

“ऐकलं की!” हे म्हणाले.

हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. जेवायला येताय का? ऐकलं की! लाइट गेलीय. ऐकलं की! पाहुणे किती दिवस राहणार म्हणाले? ऐकलं की! गेली काही वर्षं मी ह्या एका उत्तराशी संसार करत होते.

गोष्ट जुनी आहे. फोन घरात असायचा, खिशात नसायचा, त्या काळातली. आम्ही इचलकरंजीचे मागवाले. घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये कापडाचे माग, आणि ते चालू असले की आभाळ कोसळलं तरी कळू नये असा खडखडाट. ज्यांनी मागाचं गाव पाहिलं नाही त्यांना सांगते, त्या शेडमध्ये आवाज काढून बोलण्यात अर्थच नसतो. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. चिमटीनं हवेतलं काही तोडल्यासारखं केलं की धागा तुटला. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कांड्या भरायला बसवलं, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. घरात सासूबाई, ओट्यावर सासरे, त्यामुळं नव्या नवरा-बायकोनं बोलायची जागा तीच. कामगारांची पाठ वळली की हे मागाच्या पलीकडून ओठांनी काय काय बोलायचे आणि मी इकडं लाजून सूत गुंतवून ठेवायचे. आमचं अर्धं प्रेमाचं बोलणं असं आवाजाशिवायच झालं.

त्या काळातली ह्यांची एक तक्रार मात्र कायम राहिली. लग्नाच्या पंगतीत मी नाव घेतलं होतं, चांगला लांबलचक उखाणा करून. पण ह्यांचं नाव ओठांवर यायला आणि बँडवाल्याला जोर यायला एकच गाठ पडली. “तुझं नाव घ्यायचं ऱ्हायलंय माझं,” हे अधूनमधून म्हणायचे. “एकदा घेतलंय की,” मी म्हणायचे, “तुम्ही ऐकलं न्हाई त्याला मी काय करू?” हळदीकुंकवात मी पुष्कळदा नाव घेतलं, पण तिथं पुरुषांचं काय काम? एरवी ‘अहो’ आणि ‘उमेशचे वडील’ एवढ्यावर माझं भागत होतं. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नव्हती आणि मला कधी तिची गरजही पडली नव्हती.

तर अशा गावात माणसाचं ऐकणं कमी झालं तरी लवकर कळत नाही. सगळेच ओरडून बोलतात, सगळेच ओठांकडं बघतात. मलाही शंका आली ती रेडिओमुळं. ह्यांना गाण्याचं वेड. बाकी व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. रेडिओचा आवाज वाढत वाढत इतका झाला की शेजारची मंडळी आमच्याकडून फुकट बातम्या ऐकू लागली. मी काही म्हटलं की, “रेडिओच जुना झालाय. माझ्या कानाला काय धाड भरलीय?”

मग श्रावणात ते घडलं. सुतानं भरलेला बीम गाडीवरून घरंगळला. बीम म्हणजे लोखंडी रूळ, दोघांनी उचलावा असा. उमेश, आमचा थोरला, मागून जिवाच्या आकांतानं ओरडला, “अण्णा, बाजूला व्हा!” हे पाठमोरे होते. हलले नाहीत. बीम पायाच्या अंगठ्याला घासून गेला. त्या दिवशी घाबरलेला माणूस बोलतो तसं तो वेडंवाकडं बोलला.

“कान दाखवून या, न्हाईतर शेडमध्ये पाय ठेवायचा न्हाई!”

“शेड कुणी बांधली रे?” हे म्हणाले. झालं. बाप-लेकाचं बोलणं बंद पडलं. दोघं ताटाला ताट लावून जेवायचे आणि आमटी मागायची तर माझ्यामार्फत. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांचं तर नावही काढायची सोय राहिली नाही.

तेव्हा मला इंदूर सुचलं. तिथं थंडीत तीन दिवसांचं संगीत संमेलन भरायचं आणि त्या वर्षी सरोजिनीबाई केरूर गाणार होत्या. तरुणपणी ह्यांनी त्यांना गावच्या गणपतीत ऐकलं, तेव्हापासून ह्यांच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी त्यांचीच जागा. बाई आता थकल्या होत्या, क्वचितच गायच्या. मी म्हटलं, “एवढी वर्षं झाली लग्नाला, जोतिबाच्या डोंगरापलीकडं नेलंय का मला कधी?” हे एका पायावर तयार झाले.

माझा डाव वेगळा होता. हा माणूस डॉक्टरशी खोटं बोलेल, पोराशी बोलेल, माझ्याशी तर रोजच बोलतो; पण सरोजिनीबाईंच्या गाण्याशी बोलणार नाही. त्या समोर बसून गातायत आणि आपल्याला पोचत नाही, हे कळलं की स्वतःच म्हणतील, ‘मला ऐकू येत न्हाई.’ एवढं एक वाक्य ह्यांच्या तोंडून निघावं म्हणून मी नवऱ्याला घेऊन चांगलं हजारभर किलोमीटर निघाले होते. आणि परतल्यावर मंगळवारी मिरजेच्या डॉक्टरांकडं नंबरही लावून ठेवला होता, गुपचूप.

पण गाडीनं दगा दिला. रतलामच्या अलीकडं पुढं कुठंतरी मालगाडी रुळावरून घसरली आणि आमची गाडी उसाच्या शेताशेजारी उभी राहिली ती राहिलीच. डब्यात सगळे वैतागले. आमचे हे मात्र सुट्टी लागलेल्या पोरासारखे खूश. खाली उतरून पेरू आणले, मला फोडी करून दिल्या, समोरच्या मारवाडी आजींना दिल्या. आजी काहीतरी म्हणाल्या, त्यावर ह्यांनी हात जोडून “आपकी कृपा” म्हटलं. आजी पेरू आंबट आहे म्हणाल्या होत्या.

शेवटी गाडी सोडून बसनं इंदूरला पोचलो तेव्हा संमेलनाचा पहिला दिवस सरला होता आणि दुसरा निम्मा. मांडवाच्या दारात पुरोहित नावाचे गृहस्थ भेटले. संमेलनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण चार पिढ्या इंदुरात, त्यामुळं मराठीला तिथलं पाणी लागलेलं.

“वहिनी, आपण बिलकुल फिकर नका करू,” ते म्हणाले. “सरोजिनीबाईंची गाडीपण तुमच्या मागेच अटकून राहिली आहे. त्यांचं गाणं आता उद्या सकाळी. आधी चाय घेऊन घ्या.”

म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही खुर्चीत बसून दुसऱ्या बुवांचं गाणं ऐकलं, म्हणजे मी गाणं ऐकलं आणि ह्यांनी टक्कल पाहिलं. ते मी वर सांगितलंच.

रविवारी सकाळी ह्यांनी मला राजवाड्याजवळ पोहे-जिलबी खायला नेलं. पोह्यांबरोबर जिलबी हे आम्हा दोघांनाही नवीन. पोऱ्यानं मसाल्याचा डबा पुढं करून विचारलं, “जीरावन?”

“मगदूम,” हे म्हणाले. “इचलकरंजी.”

पोऱ्या बघतच राहिला. मी हसू दाबत मसाला घालून घेतला. हे मला म्हणाले, “बघ, परक्या मुलखात नाव विचारून वाढत्यात. काय अगत्य!” त्यांच्या तोंडाला पाक लागला होता, थंडीत गळ्याभोवती माझा मफलर गुंडाळलेला होता, आणि इतके सुखी दिसत होते की मला माझ्या डावाची लाज वाटली. असू दे, कशाला ह्या माणसाला उघडं पाडायचं, असं क्षणभर वाटलं. मग तो बीम आठवला.

“आज बाई काय गातील वो?” मी विचारलं.

“ऐकलं की!” हे म्हणाले आणि आणखी जिलबी मागवली.

मांडवात गेलो तर भारतीय बैठक भरत आली होती. माझा गुडघा मांडी घालू देत नाही, म्हणून मी मागं खुर्चीत बसले. “मी जरा पुढं बसतो,” हे म्हणाले, “पेटीवाल्याची बोटं दिसत्यात.” बोटं कशाला, ह्यांना बाईंचं तोंड दिसायला हवं होतं, हे मला कळत होतं. टोपी पिशवीत ठेवून हे गर्दीत घुसले आणि दिसेनासे झाले.

आधी एका मुलीचं सतारवादन झालं. मग मध्यंतर. त्यानंतर सरोजिनीबाई. आणि त्या मध्यंतरातच पुरोहित धावत आले.

“वहिनी, तुमची संध्याकाळची गाडी रद्द झाली आहे. लाइन अजून साफ नाही झाली. परवापर्यंत काही भरोसा नाही. सांगलीच्या मंडळींची जीप आत्ता खंडव्याला निघून राहिली आहे, तिथून पुण्याची गाडी मिळून जाईल. दोन जागा आहेत. पण आत्ता, लगेच. साहेब कुठे आहेत?”

जीप सोडली तर मंगळवारचा नंबर हुकणार. पुन्हा ह्यांना मिरजेपर्यंत न्यायला मी कुठलं इंदूर काढू? आणि जीप धरली तर ज्या गाण्यासाठी आलो ते गाणंच हुकणार. हा निकाल मी एकटीनं कसा करायचा? हे सापडायला हवे होते.

मी बैठकीच्या कडेकडेनं गेले. मध्यंतर असूनही जागा जाईल म्हणून कुणी उठलं नव्हतं. सगळ्या पाठी सारख्याच. मी हाक मारली, “अहो!”

पाच-सहा पुरुषांनी चटकन माना वळवल्या. इंदुरात इतके मराठी नवरे असतील असं मला वाटलं नव्हतं. आमचा तेवढा वळला नाही.

पुरोहितांनी मला हाताला धरून स्टेजजवळ नेलं आणि स्वतः माइकवर गेले. “इचलकरंजी से पधारे मगदूम साहब कृपया मंच के पास आएँ.” कुणी हललं नाही. पुन्हा सांगितलं. तरी नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“पूर्ण नाव सांगा ना, वहिनी.”

“उमेशचे वडील म्हणा.”

“अहो, उमेशचे वडील तर...” पण भला माणूस, त्यांनी तसं पुकारलं. मागच्या बाजूला कडेवर पोर घेतलेला एक तरुण बिचारा उभा राहिला. “मी उमेशचा बाबा. काय झालं?” मांडव हसला.

“नाव, वहिनी, नाव!” पुरोहित काकुळतीला आले. घरात नाही, दारात नाही, आणि हजार परक्या माणसांत एका परक्या माणसाच्या कानात नवऱ्याचं नाव सांगायचं? हसाल तुम्ही, पण मला ते अंगावरचा पदर काढण्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात हॉर्न पुन्हा वाजला. पुरोहितांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माइक उंच केला आणि मला वर ओढलं. “आपणच बोला. आपली आवाज ते ओळखून घेतील.”

ती आवाज! पण ते व्याकरण बघायची वेळ नव्हती. समोर माणसंच माणसं. तोंडापुढं मक्याच्या कणसाएवढा तो माइक. आणि मला एकदम पंगत आठवली. नाव सांगता येत नसेल, पण घेता तर येतं! नाव घ्यायला कुणाची ना आहे? मी पदर सावरला, डोळे मिटले आणि म्हटलं:

“धोटा धावतो इकडून तिकडं, धाग्यावर माझं लक्ष,
असाल तिथं उठून उभे ऱ्हावा, विरूपाक्ष!”

मग मांडवात जो काही गलका उठला, तो त्या तीन दिवसांत कुठल्या तानेला उठला नसेल. मराठी मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. हिंदी मंडळींनी अर्थ विचारून घेऊन मागाहून केला. बायकांनी “पुन्हा, पुन्हा!” म्हणून ओरडा केला. सरोजिनीबाई पडद्याआडून बाहेर येऊन बघून गेल्या म्हणतात. माझे कान तापले होते, पण आतून मी फुलून आले होते. इतक्या वर्षांचं उधारीवर ठेवलेलं नाव मी आज असं घेतलं होतं की बँडवाल्याच्या बापालाही ते दाबता आलं नसतं. मी डोळे उघडले आणि ह्यांना शोधू लागले.

आधी कालचं टक्कल सापडलं. डाव्या बाजूला, मांडवाच्या खांबाआड अर्धं झाकलेलं. आणि त्याच्या मागं, हातभर अंतरावर, आमचे हे.

हे हसत होते. टक्कल हसत होतं म्हणून. हे टाळ्या वाजवत होते. टक्कल वाजवत होतं म्हणून. सगळा मांडव माना वळवून ‘कोण विरूपाक्ष, कुठाय विरूपाक्ष’ म्हणून शोधत होता आणि आमचा विरूपाक्ष मान वळवून इतरांसारखाच शोधत होता, कुणाची एवढी मजा झाली ते.

माझं फुलणं तिथंच विझलं. ‘मला ऐकू येत न्हाई’ हे वाक्य ऐकायला मी हा घाट घातला होता खरा, पण त्याचा अर्थ मला आजवर कळला नव्हता. रेडिओ मोठा करावा लागतो, आमटी दोनदा विचारावी लागते, एवढंच मी समजत होते. एवढ्या माणसांत हा माणूस किती एकटा बसला होता, हे मला त्या स्टेजवरून दिसलं.

तेवढ्यात ह्यांनी खांबाआडून मान काढली आणि नजर माझ्यावर पडली. बायको स्टेजवर! ह्यांचे डोळे विस्फारले. मी शेडमधली खूण केली. अंगठा तोंडाकडं नेला.

हे ताडकन उठले. चहा म्हटल्यावर!

पुन्हा टाळ्या. “उठले, उठले, विरूपाक्ष उठले!” लोकांनी वाट करून दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हात हातात घेतला. टकलाचे मालक म्हणाले, “नशीबवान आहात. वहिनींनी काय नाव घेतलं!”

“ऐकलं की!” हे हसून म्हणाले. पुढच्याला म्हणाले, “ऐकलं की!” त्याच्या पुढच्यालाही. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत दहा-बारा जणांना हे उत्तर देऊन झालं होतं, पण चेहरा हळूहळू बदलत गेला होता.

मांडवाबाहेर लिंबाखाली चहाची टपरी होती. जीप फाटकाशी उभी, आत सांगलीची मंडळी दाटीवाटीनं बसलेली. मी ह्यांच्या समोर, ओठ दिसतील अशी उभी राहिले आणि गाडीचं सगळं सांगितलं. आता निघायचं तर जीप, थांबायचं तर गाणं. ह्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. हातातला चहा तसाच होता.

“लोकं काय म्हणत होती गं?” हे हळूच म्हणाले. “काय केलंस तू वर?”

“ऐकलं म्हणालात की सगळ्यांना.”

हे कपाकडं बघत राहिले. पुरोहितांनी लांबून हात केला, मी त्यांना थांबवलं.

“न्हाई ऐकलं,” हे म्हणाले.

ह्यांनी कप टपरीच्या फळीवर ठेवला.

“मला ऐकू येत न्हाई, इंदू. आवाज येतोय, शब्द येत न्हाईत. सूरबी येत न्हाईत. सगळे माग एकदम लावल्यावर कसं हुतंय, तसं. काल त्या बुवांचं काय कळलं न्हाई मला. पुढच्या टकल्याकडं बघून मान हलवत हुतो.”

“म्हाईत हाय.”

“तुला म्हाईत हुतं?” हे चमकले. मग म्हणाले, “बाई आता गातील आन् मी तसाच टकल्याकडं बघून वा म्हणीन. त्यांच्यापुढं खोटं वा? नको. चल, जाऊया. मिरजेला डॉक्टरकडं जाऊ. उमेशलाबी सांगू, तुझंच खरं म्हणून.”

ऐकायचं होतं ते सगळं मी ऐकलं. जीप समोर होती, मंगळवारचा नंबर होता, सगळं जमून आलं होतं. मी पाऊल उचलणार, तोच ह्यांनी माझा हात धरला.

“पर काय केलंस वर, ते तरी सांग.”

“नाव घेतलं.”

“माझं?”

“मग काय पुरोहितांचं?”

ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही सांगता येत नाही. पोराच्या हातातली जिलबी पडावी तसं काहीतरी. “आन् ह्याबी वक्ताला मी ऐकलं न्हाई,” हे म्हणाले. “लग्नात बँड आडवा आला. आता ह्ये कान.”

मग मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टपरीवाल्याची पाठ होती. शेडमध्ये कामगारांची पाठ वळल्यावर हे जसं करायचे, तसंच मी केलं. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. धोटा धावतो. इकडून तिकडं. धाग्यावर. माझं लक्ष. ह्यांचे डोळे माझ्या ओठांवर. असाल तिथं. उठून उभे ऱ्हावा. आणि मग नाव. पहिल्यांदा, ह्यांच्या समोर, ह्यांच्या तोंडाकडं बघून.

ह्यांनी अख्खं वाचलं. एक अक्षर सुटलं नाही. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, असं एकदमच आलं.

“ऐकलं की!” हे म्हणाले.

आणि मग ह्यांनीही इकडंतिकडं पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि आवाज न काढता ओठ हलवू लागले. मी वाचत गेले.

“गाण्यासाठी इंदूर गाठलं, कळली न्हाई एक तान,
आजपासनं इंदुमतीच माझा उजवा कान.”

आत तंबोरे जुळवायला लागले होते. ते जवारीदार, गोड गुणगुणणं लिंबापर्यंत येत होतं. कान म्हटल्यावर कामाला लागायलाच हवं होतं. मी ह्यांचा हात धरला आणि मांडवाकडं वळवलं. बाईंच्या अगदी समोर बसू, मी म्हटलं, गुडघा गेला खड्ड्यात. तुम्ही तोंड बघा, मी वा म्हणते.

फाटकाशी जीप हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. तो आम्हा दोघांत मला एकटीलाच ऐकू येत होता, आणि मीही तो ऐकला नाही.